राक्षसी आवाजाचा कामसू माणूस

ड्रमसेट मांडायला खोलीत सहा बाय सहा फुटांची मोकळी जागा पुरते. तो वाजवायचा असेल तर मात्र शेजाऱ्याची भिंत बरीच लांब असावी लागते. कांदिवली पश्चिमेचं चारकोप १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने वसलं. सेक्टर आखले गेले, पंचवीस-तीस चौरस मीटरचे भूखंड सोसायट्यांना मिळाले, आणि भिंतीला भिंत लावून बैठी घरं उभी राहिली. पुढे त्यांवर मजले चढले. स्टेशनच्या पलीकडे, पूर्वेला ठाकूर व्हिलेज आणि लोखंडवाला टाउनशिपमध्ये टॉवर आले. तिथे भिंत थोडी जाड असते, पण सोसायटीचा सेक्रेटरी जास्त जागरूक असतो. या दोन्ही ठिकाणी डबल बेस ड्रम वाजवणं अशक्य आहे. उपनगरात वाढलेल्या मुलाला गिटार घेता येते, हेडफोन लावून ती रात्रभर वाजवताही येते. ड्रमसाठी मात्र तासाच्या भाड्याने जॅम रूम घ्यावी लागते आणि गिटारची बॅग पाठीवर टाकून लोकलने तिथवर जावं लागतं.

तरीही गेली पंचवीस वर्षं मुंबईत डेथ मेटल तयार होतं आहे. हौसेपुरतं नव्हे, तर युरोपातल्या मोठ्या महोत्सवांपर्यंत पोचेल इतकं आणि अशा दर्जाचं. ते कसं घडलं, हे समजून घ्यायचं तर एका माणसाच्या कामाकडे बारकाईने पाहावं लागतं. त्याचं नाव साहिल माखिजा. रंगमंचावरचं नाव डेमनस्टीलर. त्याच्याकडे वळण्याआधी हे संगीत कशाचं बनतं ते पाहू, कारण बाहेरून ऐकणाऱ्याला तो नुसता गोंगाट वाटतो आणि त्यामागची मेहनत नजरेआड राहते.

सुरुवात गळ्यापासून करू. डेथ मेटलचा गायक जो खोल, घुरघुरणारा आवाज काढतो, त्याला ग्राउल म्हणतात. आपल्या स्वरयंत्रात खऱ्या स्वरतंतूंच्या वरच्या बाजूला पडद्यांची आणखी एक जोडी असते. एरवी बोलताना-गाताना ती बाजूला राहते. ग्राउल करणारा गायक पोटातून हवेचा दाब देऊन ही वरची जोडी थरथरवतो आणि आवाजाला तो खरखरीत, जाड पोत येतो. नुसता घसा ताणून ओरडणाऱ्याचा आवाज दोन गाण्यांत बसतो. तंत्र शिकलेला गायक तासभराचा सेट करून दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा राहतो.

मग ड्रम. दोन्ही पायांनी बेस ड्रम वाजवण्यासाठी जोड पेडल असतं. मिनिटाला २०० ठोक्यांच्या लयीत प्रत्येक ठोक्यामागे पायांचे चार आघात, असा हिशेब केला तर मिनिटाला ८०० आघात, म्हणजे सेकंदाला तेरा. त्याच वेळी हात स्नेअर आणि झांजांवर वेगळंच काम करत असतात. हे सगळं मेट्रोनोमच्या टिकटिकीला चिकटून व्हायला हवं, नाहीतर गिटारशी सांधा जुळत नाही. हा वेग रोजच्या रियाजानेच येतो, आणि रियाजाला खोली लागते.

गिटारचा आवाज कुठून आला हे सांगायला स्वीडनला जावं लागेल. स्टॉकहोममध्ये सनलाइट नावाचा एक स्टुडिओ होता, त्याचा ध्वनिमुद्रक टॉमास स्कॉग्सबर्ग. १९९० मध्ये एन्टूम्ब्ड या बँडचा ‘लेफ्ट हँड पाथ’ हा अल्बम तिथून बाहेर पडला. त्यातल्या गिटारचा आवाज लाकूड कापणाऱ्या यांत्रिक करवतीसारखा होता. त्यामागे बॉस या जपानी कंपनीचं एचएम-२ नावाचं छोटं पेडल होतं. त्याची सगळी बटणं शेवटपर्यंत फिरवायची, बस्स. त्या एका युक्तीवर स्वीडनमध्ये एक घराणंच उभं राहिलं. पुढे योटेबोरी शहरातल्या अ‍ॅट द गेट्सने १९९५ मध्ये ‘स्लॉटर ऑफ द सोल’ काढून त्यात सुरेल गिटारांची वेगळी वाट पाडली. डान स्वानोने एज ऑफ सॅनिटीच्या १९९६ च्या ‘क्रिमझन’मध्ये चाळीस मिनिटांचं एकच सलग गाणं रचलं.

याच घराण्यात रोग्गा योहान्सन आहे. गामलेबी या छोट्या गावचा हा गिटारवादक-गायक. त्याचा पॅगनायझर हा बँड १९९८ पासूनचा. त्याशिवाय रिबस्प्रेडर, रिव्होल्टिंग, मेगास्कॅव्हेंजर, ह्युमॅनिटी डिलीट हे सगळे बँड त्याचेच. अमेरिकेतल्या कॅम ली या जुन्या गायकाबरोबर द ग्रोटेस्करी आणि बोन नॉअर. स्पेनमधल्या डेव्ह रॉटनबरोबर पुट्रिव्होर. यादी इथे संपत नाही. एकाच माणसाच्या नावावर एका वर्षात अनेक अल्बम येतात, आणि त्यातले कित्येक सहकारी एकमेकांच्या गावाला गेलेलेही नसतात. फाइल जाते, फाइल येते.

एवढं काम एका माणसाकडून कसं होतं? त्याची चिकाटी आहेच, पण त्याच्या पायाखालची जमीनही पाहायला हवी. स्वीडनमध्ये नगरपालिकांच्या संगीतशाळा आहेत, जिथे शाळकरी मुलांना कमी खर्चात वाद्य शिकता येतं. शिवाय तिथे लोकशिक्षणाच्या चळवळीतून उभ्या राहिलेल्या अभ्यास-संघटना आहेत आणि त्यांना सरकारी अनुदान मिळतं. चार पोरांनी बँड काढला की ते अभ्यासगट म्हणून नाव नोंदवतात आणि त्यांना तालमीची खोली मिळते. हजेरी लिहायची आणि वाजवायचं. त्या संगीताचा विषय प्रेतं आणि थडगी असला, तरी खोली नाकारली जात नाही. एक कोटीच्या आसपास वस्तीचा देश या संगीतात इतका पुढे का, याचं उत्तर मला तरी या खोल्यांमध्ये दिसतं.

आता मुंबई. १९९० च्या दशकात इथल्या पोरांना हे संगीत कॅसेटमधून मिळायचं. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये जे येई ते, नाहीतर कुणाच्या परदेशातल्या भावाने आणलेल्या कॅसेटची कॉपी, त्या कॉपीची कॉपी. बातम्या मिळायच्या ‘रॉक स्ट्रीट जर्नल’मधून, अमित सैगलने १९९३ मध्ये ते अलाहाबादहून सुरू केलं होतं. प्रत्यक्ष ऐकायचं ठिकाण म्हणजे धोबी तलावचं रंगभवन. उघड्यावरचं हे प्रेक्षागृह, आणि तिथला फरहाद वाडियाने १९८६ मध्ये सुरू केलेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सव. बोरिवली-कांदिवलीहून पोरं काळे टी-शर्ट घालून चर्चगेट गाठायची आणि शेवटची लोकल पकडून परत यायची. मग २००० चे ध्वनिप्रदूषण नियम आले. रुग्णालयं, शाळा, न्यायालयं यांच्याभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरला. रंगभवनाच्या आजूबाजूला कॉलेज आणि रुग्णालय दोन्ही. काही वर्षांतच तिथलं संगीत थांबलं. नियम योग्यच होता. रुग्णाला झोप हवीच. पण गेलेल्या जागेच्या बदल्यात दुसरी जागा कुणी दिली नाही, आणि ती खंत आजही बोलून दाखवावीशी वाटते.

रॉक संगीत मग उपनगरांकडे सरकलं. जुहूच्या रॅझबेरी ऱ्हायनॉसरस या क्लबमध्ये गिग व्हायचे, अंधेरीला चित्रकूट मैदानावर मोठे कार्यक्रम, पुढे अंधेरीतच बी-६९ नावाची छोटी जागा. कांदिवलीच्या पोराला हे सोयीचं पडलं, कारण अंधेरी आपल्याच लाइनवर. पण या जागा एकामागून एक बंद पडत गेल्या. प्रत्येक वेळी नवी शोधायची, मालकाला पटवायचं, साउंडवाल्याला समजवायचं.

साहिल माखिजाने डेमॉनिक रिझरेक्शन हा बँड काढला तो २००० साली, मुंबईत. त्याच वर्षी ‘डेमनस्टीलर’ हा पहिला अल्बम आला, आणि पुढे हेच त्याचं रंगमंचावरचं नाव झालं. तेव्हा भारतात डेथ मेटल प्रकाशित करणारी कंपनी नव्हती. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना हा आवाज कसा पकडायचा हे माहीत नव्हतं. ते गिटारचा खरखराट कमी करायला बघत आणि गायकाला विचारत, घसा बसलाय का. साहिलने एकेक काम अंगावर घेतलं. घरी ध्वनिमुद्रण शिकला. डेमनस्टीलर रेकॉर्ड्स नावाची स्वतःची कंपनी काढली आणि आपल्याबरोबर इतर भारतीय बँडचे अल्बमही त्यातून प्रकाशित केले. गिग मिळेनात, तेव्हा ‘रिझरेक्शन’ नावाचे महोत्सव स्वतःच भरवले आणि त्यात इतरांनाही मंच दिला.

घरात बसून डेथ मेटलचं गाणं कसं बनतं, ते पाहण्यासारखं आहे. आधी संगणकावर लय ठरते. ड्रम बहुतेक वेळा सॉफ्टवेअरमध्ये एकेक ठोका टाकून मांडले जातात, कारण खरा ड्रमसेट घरात शक्यच नाही. त्यावर गिटार वाजवायची. तोच रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा, दोनदा, अगदी तसाच, पण पुन्हा नव्याने. पहिल्यांदा वाजवलेला डाव्या कानात, दुसऱ्यांदा वाजवलेला उजव्या कानात. पहिला ट्रॅक कॉपी करून चालत नाही. दोन वेळांमध्ये जो केसभर फरक पडतो, त्यामुळेच गिटारची भिंत रुंद ऐकू येते. पण तो फरक केसभरच हवा. बोट किंचित उशिरा पडलं की त्या चार ओळी पुन्हा. मग बेस, मग कीबोर्ड, मग गळा. गळ्याचेही थर: खालचा जाड, वरचा चिरका, मध्ये साधं गाणं. शेवटी मिक्सिंग, ज्यात बेस ड्रमचा ठोका आणि बेस गिटार एकमेकांना झाकू नयेत म्हणून तासन् तास कंप्रतांची कापाकापी चालते. पाच मिनिटांच्या गाण्यामागे असे कितीतरी दिवस जातात. ‘एकाच माणसाचे इतके अल्बम’ हे वाक्य आपण सहज बोलतो. त्याचा अर्थ एवढी बैठक असा आहे.

२००५ मध्ये ‘अ डार्कनेस डिसेंड्स’, २००७ मध्ये ‘बियाँड द डार्कनेस’ हा छोटा अल्बम, आणि २०१० मध्ये इंग्लंडच्या कँडललाइट रेकॉर्ड्समार्फत जगभर पोचलेला ‘द रिटर्न टू डार्कनेस’. या तिन्हींची मिळून एक साखळी होते. तिसऱ्यापर्यंत येताना बँड किती पुढे गेला ते लगेच कळतं. विरेंद्र कैथचे ड्रम त्यात मोकळे सुटलेले आहेत, कीबोर्डचे लांब स्वर गिटारखाली जमीन तयार करतात, आणि साहिलचा गळा राक्षसी ग्राउलवरून स्वच्छ, सुरेल गाण्यावर अडखळल्याशिवाय येतो. माझ्या मते भारतीय मेटलमधलं ते आजवरचं सर्वांत भक्कम काम आहे. त्याच वर्षी लंडनमध्ये ‘मेटल हॅमर’ मासिकाच्या गोल्डन गॉड्स सोहळ्यात बँडला ग्लोबल मेटल पुरस्कार मिळाला. त्याआधी २००८ मध्ये कॅनडाच्या सॅम डन आणि स्कॉट मॅकफेडन यांच्या ‘ग्लोबल मेटल’ या माहितीपटात साहिल जगाला दिसला होता. ब्राझील, जपान, चीन, इंडोनेशिया, इस्रायल यांच्यासोबत त्यात मुंबई होती. पुढे २०१२ मध्ये इंग्लंडचा ब्लडस्टॉक महोत्सव आणि २०१४ मध्ये जर्मनीचा वाकेन महोत्सव. वाकेन हे मेटलवाल्यांचं पंढरपूर. तिथे वाजवायला मिळावं ही या वाटेवरच्या प्रत्येकाची इच्छा असते.

मराठी वाचकाला या सगळ्यात जवळचा वाटेल तो २०१७ चा ‘दशावतार’. दहा गाणी: मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध, कल्की. कोकणात रात्र रात्र जागवणारा दशावतारी खेळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या कथांमधला थरार सांगायला नको. खांब फोडून नरसिंह बाहेर येतो, तेव्हा पेटीवाला आणि पखवाजवाला काय करतात ते आठवा. लय चढते, आवाज चढतो, आणि समोर बसलेली लहान पोरं आईला चिकटतात. हिरण्यकशिपूचं पोट फाडणारा तो क्षण डेथ मेटलला नवा नाही. उलट या संगीताला इतकी चपखल कथा क्वचितच सापडते. साहिलने त्यात भारतीय वाद्यं आणि मंत्रांचे स्वर गुंफले, पण ते वरवरच्या सजावटीसारखे वाटत नाहीत. ते रिफच्या आत शिरतात. स्वीडिश बँड गेली कित्येक वर्षं ओडिन आणि थोरच्या कथा गात आले आहेत. आपल्याकडच्या मुलाने आपल्या पुराणांकडे वळावं, आणि तेही वयाच्या नव्हे तर कामाच्या पक्वतेवर पोचल्यानंतर, याचा मला मनापासून आनंद आहे.

डेमॉनिक रिझरेक्शन हा त्याच्या कामाचा एक भाग. रेप्टिलियन डेथ हा दुसरा. त्यात साहिलने ड्रम वाजवले, आणि २०१३ च्या ‘द डॉन ऑफ कॉन्सुमेशन अँड इमर्जन्स’मध्ये भयानक मौत या मुंबईच्याच बँडचा विनय वेंकटेश गायला आहे. वर्कशॉप हा तिसरा, हसऱ्या रॉकचा बँड. त्यांचा २००९ चा ‘खूनी मुर्गा’ ऐकला तर हाच तो राक्षसी आवाजाचा माणूस यावर विश्वास बसत नाही. आणि डेमनस्टीलर या नावाने स्वतःचं एकट्याचं काम: २००८ चा ‘अँड केऑस विल रेन’, २०१६ चा ‘धिस बर्डन इज माइन’, २०२३ चा ‘द प्रोपगंडा मशीन’.

‘धिस बर्डन इज माइन’मध्ये ड्रम वाजवले आहेत जॉर्ज कोलियासने. अमेरिकेच्या नाइल बँडचा हा ग्रीक ड्रमर जगातल्या सर्वांत वेगवान पायांपैकी एक मानला जातो. इथे मुंबईच्या जागेच्या प्रश्नाला एक अनपेक्षित उत्तर मिळालं. गिटार मुंबईत मुद्रित झाली, ड्रम ग्रीसमध्ये, आणि दोन्ही संगणकावर एकत्र आले. ‘द प्रोपगंडा मशीन’मध्ये तर गाण्यागणिक वेगवेगळ्या देशांतले ड्रमर आणि बेसवादक आहेत, जर्मनीचा हॅनस ग्रॉसमान त्यांपैकी एक. हा अल्बम खोट्या प्रचाराबद्दल, द्वेष पेरणाऱ्या राजकारणाबद्दल रागाने बोलतो. डेथ मेटल म्हणजे फक्त भुतंखेतं अशी समजूत असणाऱ्यांनी तो आवर्जून ऐकावा.

पोट कशावर भरतं, हा प्रश्न मराठी घरात पहिला विचारला जातो, आणि तो योग्यच आहे. डेथ मेटलच्या अल्बमवर भारतात घर चालत नाही. साहिलने यूट्यूबवर ‘हेडबँगर्स किचन’ सुरू केलं. सुरुवातीला त्यात बँडच्या मुलाखती आणि त्यांच्या नावाने रांधलेला एखादा पदार्थ असा थाट होता. पुढे तो कीटो आहाराकडे वळला, आणि बदामाच्या पिठाच्या, चीजच्या, अंड्यांच्या त्या पाककृतींनी जगभरचा प्रेक्षक मिळवला. मेटल कधीही न ऐकलेल्या कितीतरी लोकांना तो एक प्रसन्न, दाढीवाला स्वयंपाकी म्हणूनच माहीत आहे. मला यात विसंगती दिसत नाही. माप काटेकोर, क्रम ठरलेला, कंटाळा न करता रोज एक पदार्थ. हीच शिस्त त्याच्या ध्वनिमुद्रणात आहे.

त्याच्या बरोबरीने आणि मागून शहरात एक पिढी उभी राहिली. २००३ चं भयानक मौत. २००६ चं झायग्नेमा. गिटारवर जिमी भोरे. २०११ मध्ये त्यांनी वाकेनच्या स्पर्धेची भारतातली फेरी जिंकली आणि जर्मनीत जाऊन वाजवलं. २००७ चं गटस्लिट. गळा आदित्य बर्वेचा, बेस पगडीधारी गुरदीप सिंग नारंगचा. युरोपचे लांबलचक दौरे, एका व्हॅनमध्ये वाद्यं आणि माणसं, रोज नवं गाव, हे त्यांनी करून दाखवलं. २०१७ चा त्यांचा ‘अँप्युथिएटर’ ऐकताना हा बँड अंधेरी-बोरिवलीच्या लोकलमधून जॅमला जाणाऱ्या पोरांच्या शहरातला आहे हे कळतही नाही.

यातल्या कुणालाही तालमीची खोली कुणी दिली नाही. जे झालं ते भाड्याच्या जॅम रूममध्ये, घराच्या कोपऱ्यात, हेडफोनमध्ये झालं. रोग्गा योहान्सन आणि साहिल माखिजा यांच्या कामाचा ढीग शेजारी शेजारी ठेवला, तर मला दुसऱ्याचा ढीग जड वाटतो. पहिल्याला गाणं करायचं होतं. दुसऱ्याला गाण्याबरोबर स्टुडिओ, कंपनी, महोत्सव आणि श्रोता, सगळंच करावं लागलं. त्यात गेलेल्या वर्षांत आणखी किती अल्बम झाले असते, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

बोरिवली पश्चिमेला महापालिकेचं प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह आहे. अशा वास्तूत किंवा चारकोपच्या एखाद्या समाजमंदिरात आवाजबंद केलेली एक खोली ठेवायला काय हरकत आहे? आत कायमचा मांडलेला ड्रमसेट, दोन अँप्लिफायर, एक माइक. बाहेर नोंदवही आणि तासाचा माफक दर. सकाळी ढोल-ताशा पथकातली पोरं सरावाला येतील, दुपारी भजनी मंडळ, आणि संध्याकाळी काळे टी-शर्टवाले.